खडखडाट आणि दोषारोप

कपडे धुण्याच्या यंत्राचा खडखडाट हा विषय नीतिविचाराच्या पानांत यावा, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. नीतीची चर्चा म्हटली कीं सत्य, दया, न्याय, संयम अशा भारदस्त शब्दांनीं तिचा प्रारंभ व्हावा, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची समजूत असते; आणि यंत्राचा आवाज ही कारागिरास बोलावून मिटविण्याची बाब आहे, विचार करण्याची नव्हे, असेंही त्यास वाटत असतें. परंतु नीतीची खरी परीक्षा भारदस्त प्रसंगीं क्वचितच होते. ती मोरीजवळ, ओट्याजवळ, देण्याघेण्याच्या हिशेबांत, आणि एखादी वस्तु बिघडली असतां माणूस प्रथम कोणाकडे बोट दाखवितो त्या क्षणीं होत असते. यंत्र खडखडूं लागलें म्हणजे घरांतील प्रत्येकाच्या तोंडून जें पहिलें वाक्य निघतें तें निदान नसतें. तो निकाल असतो. निकाल आधीं आणि चौकशी मागाहून असा क्रम कां पडतो, व तो उलटा केल्यानें काय लाभतें, एवढ्याच प्रश्नाचा आम्ही येथें विचार करणार आहों.

प्रसंग बहुतेक घरांतून सारखाच असतो. पुण्यांतील नव्या सदनिकांत स्वयंपाकघरास लागून एक लहानशी जागा ठेवलेली असते. तिला 'ड्राय बाल्कनी' असें कोरडें नांव असलें तरी घरांतील सर्व ओलें काम तेथेंच चालतें. आणि कपडे धुण्याचें यंत्र, ज्यास घरोघर नुसतें 'मशीन' म्हणतात, तेंही बहुधा तेथेंच उभें असतें. धुणें निमूटपणें होतें. पण शेवटीं कपडे पिळण्याची वेळ आली कीं यंत्र थरथरूं लागतें, मग आपटूं लागतें, आणि एखाद्या दिवशीं जागचें हलून दारापर्यंत येतें. घरांतील वडील माणूस म्हणतें, हल्लींच्या कंपन्यांचा मालच असा. मुलगा म्हणतो, आठ वर्षें झालीं, आतां नवें घ्यावें. गृहिणीस वाटतें, कामाला येणाऱ्या बाईंनीं कपडे कोंबले असावेत. खालच्या मजल्यावरील शेजारी समजतात कीं वरचे लोक मुद्दामच दुपारीं झोपेच्या वेळीं यंत्र लावतात. अशा रीतीनें चार माणसांनीं चार आरोपी उभे केले. पण आवाज नेमका केव्हां होतो व कोठून होतो, हें यंत्राजवळ जाऊन कोणींही पाहिलेलें नसतें.

आपल्या भाषेंतील 'निदान' हा शब्द फार जुना व फार नेमका आहे. चरकसंहितेंत निदानस्थान म्हणून एक स्वतंत्र भाग आहे, आणि रोग ओळखण्याचीं पांच साधनें आयुर्वेदानें सांगितलीं आहेत. निदान म्हणजे कारण. पूर्वरूप म्हणजे रोगापूर्वींचीं चिन्हें. रूप म्हणजे प्रकट लक्षणें. उपशय म्हणजे एखादा उपाय करून पाहून त्यानें उतार पडतो कीं नाहीं याची परीक्षा. आणि संप्राप्ति म्हणजे कारणापासून रोगापर्यंतची वाटचाल. न्यायशास्त्रानें हीच रीत अन्वय आणि व्यतिरेक या दोन शब्दांत बसविली: कारण असतां कार्य दिसतें काय, आणि कारण नसतां कार्यही नाहींसें होतें काय. जॉन स्टुअर्ट मिल याच्या १८४३ सालच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत जी भेदपद्धति सांगितली आहे, ती याच कुळांतली. तात्पर्य, ज्या विचारपद्धतीनें यंत्राचा दोष सांपडावयाचा ती आमच्याकडे परकी नाहीं. वैद्यानें नाडी न पाहतां औषध दिलें तर लोक त्यास बोल लावतात. पण घरांतील वस्तूंच्या व माणसांच्या बाबतींत तेच लोक नाडी न पाहतांच औषध देऊन मोकळे होतात.

आतां यंत्राकडे वळूं. पहिला प्रश्न 'दोष कोणाचा?' हा नसून 'आवाज केव्हां होतो?' हा आहे. यंत्राचें काम चार टप्प्यांनीं चालतें: पाणी भरणें, कपडे घोळणें, पाणी बाहेर टाकणें व कपडे पिळणें. पाणी भरतांना गुणगुण ऐकूं आली तर ती बहुधा पाणी आंत सोडणाऱ्या झडपेची असते. पाणी बाहेर टाकतांना खरखर झाली तर पंपाकडे पाहावें. कपडे घोळतांना ठराविक वेळानें टिकटिक वाजलें तर एखादें बटण, झिप किंवा नाणें ड्रमच्या पत्र्यावर आपटत असावें. फक्त पिळतांनाच दणदणाट होत असेल तर प्रश्न समतोलाचा आहे. आणि आवाज गतीबरोबर चढत जाऊन विमान उडतांना होते तशी घरघर होत असेल, तर बेअरिंगची शंका घ्यावी. मग दुसरी परीक्षा. सर्व कपडे काढून यंत्र रिकामें फिरवावें. आवाज गेला तर दोष कपड्यांच्या भरणींत. आवाज राहिला तर यंत्रांत किंवा त्याच्या उभें राहण्यांत. हा सरळ व्यतिरेक झाला, आणि त्यास पैसाही लागत नाहीं. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, एवढें पथ्य पाळलें पाहिजे. जागा, पाय, कपडे हीं सर्व एकदम बदललीं तर आवाज कदाचित्‌ थांबेल. पण कशानें थांबला हें कळणार नाहीं, आणि पुन्हां झाला तर माणूस पूर्वीइतकाच अज्ञानांत राहील.

चौकशीचा क्रम खालून वर जावा. प्रथम फरशी. पाणी वाहून जावें म्हणून अशा बाल्कनीची फरशी मुद्दाम उताराची केलेली असते, आणि त्या उतारावर चार पायांचें यंत्र सपाट उभें राहणें कठीण. यंत्राच्या माथ्याचे समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनें दाबून पाहावे. डुगडुगलें तर एक पाय अधांतरीं आहे असें समजावें. गवंड्याची पाणसळ घरीं नसली तरी अर्धी भरलेली कांचेची वाटी तेंच काम करते. पाय आट्यांचे असतात. ते फिरवून उंची जमवावी, आणि मग पायावरील नट यंत्राच्या तळाशीं पान्यानें घट्ट आवळावा. हा नट सैल राहिला तर आज जमविलेली पातळी कंपानें पुन्हां बिघडते. यंत्र नवें असेल किंवा घर बदलतांना हलविलें असेल, तर मागच्या बाजूचे वाहतुकीचे बोल्टही पाहावे. समोरून कपडे घालावयाच्या यंत्रांत आंतला टब स्प्रिंगांवर टांगलेला असतो. प्रवासांत तो हिंदकळूं नये म्हणून कारखान्यांतच त्यास या बोल्टांनीं जखडून टाकतात. ते काढावयाचे राहिले तर टबाला झोका घेण्याची मोकळीक राहत नाहीं, आणि प्रत्येक धक्का सरळ पत्र्यास व फरशीस बसतो. प्रवासांत जें बंधन रक्षण करतें, तेंच मुक्कामीं पोंचल्यावर घातक होतें.

फरशीनंतर भरणी. येथें थोडें गणित सांगणें अवश्य आहे, कारण त्यावांचून क्षुल्लक कारणाचें एवढें मोठें कार्य कसें होतें हें पटत नाहीं. समजा, ड्रमची त्रिज्या २५ सेंटिमीटर आहे व तो मिनिटास १२०० फेरे घेत आहे, म्हणजे सेकंदास २०. अशा वेळीं कांठाशीं एका बाजूस अवघें १०० ग्रॅम वजन जास्त असलें, तरी तें सुमारें ४० किलो वजनाइतक्या जोरानें बाहेर ओढतें, आणि ही ओढ सेकंदास २० वेळां सभोंवार फिरत असते. गति दुप्पट झाली तर ओढ चौपट होते. ओल्या चादरीचा गोळा झाला, किंवा एकटेंच जाड पायपुसणें आंत टाकलें, तर असा असमतोल सहज उत्पन्न होतो. म्हणून कोंबून भरलेलें यंत्र जसें आदळतें तसेंच एकच जड कपडा घातलेलेंही आदळतें. गोळा सोडवून कपडे पसरावे, एकट्या जड कपड्यास दुसऱ्यांची जोड द्यावी, भरणी बेताची ठेवावी, एवढाच उपाय.

तिसरी चौकशी खिशांची. समोरून भरावयाच्या यंत्रांत बहुधा खालच्या कोपऱ्यांत एक लहान झांकण असतें, व त्यामागें पंपाचा फिल्टर असतो. प्लग काढून, खालीं परात व जुनें फडकें ठेवून तो हळू उघडावा. कारण आंत पाणी राहिलेलें असतें, आणि गरम पाण्याचें धुणें नुकतेंच झालें असेल तर तें निवूं दिलें पाहिजे. त्यांतून जें निघतें तें पाहिलें म्हणजे त्या घराचा एक छोटासा इतिहासच हातीं येतो: रुपयाचें नाणें, केसांचा आंकडा, लोकरीचा बोळा, बसच्या तिकिटाचा लगदा, शाळेच्या गणवेषाचें बटण. ज्यानें सर्वांत मोठ्यानें कंपनीस नांवें ठेवलीं त्याच्याच खिशांतील रुपया पंपाशीं अडकलेला असणें मुळींच अशक्य नाहीं.

येथपर्यंतच्या तिन्ही कारणांत एक साम्य आहे. फरशी घरची, भरणी घरची, खिसा घरचा. यंत्र तिहींतही निर्दोष. तरी पहिला आरोप यंत्रावर, नाहीं तर कामाच्या बाईंवर येतो. आधीं स्वतःकडे पाहावें, हा उपदेश संतांनीं व शास्त्रकारांनीं इतक्या वेळां केला आहे कीं त्यास आतां एक प्रकारची शिळी चव आली आहे. लोक मान डोलावून तो ऐकतात आणि विसरतात. आम्ही त्याचें समर्थन नम्रतेच्या नांवानें करीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, संशय चुकीचा ठरल्यास कोणाची किती हानि होते, यावरून चौकशीचा क्रम ठरवावा. फरशीवर खोटा संशय घेतला तर फरशीचें कांहीं बिघडत नाहीं; पांच मिनिटें गेलीं, आणि पाण्याची वाटी परत फडताळांत गेली. यंत्रावर खोटा संशय घेतला तर हजारों रुपये जातात, आणि चांगली वस्तु भंगारांत पडते. पण कामाच्या बाईंवर खोटा संशय घेतला, तर ज्या माणसास उलट उत्तर देण्याची सोय नाहीं, ज्याचा महिन्याचा पगार मालकांच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याच्या मनावर ओरखडा उठतो. पुढें फिल्टरमधून नाणें निघालें तरी तो पुसला जात नाहीं. कारण नाणें निघाल्याची बातमी बाईंना सहसा कोणी सांगतच नाहीं. ज्या संशयाची चूक स्वस्तांत सुधारते तो आधीं तपासावा. ज्याची चूक सुधारतच नाहीं तो सर्वांच्या शेवटीं, आणि तोही पुराव्यानिशीं उच्चारावा. न्यायाचा हा नियम न्यायालयाच्या भिंतींआड ठेवण्याजोगा नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हा क्रम पाळावयाचा म्हणजे खऱ्या अपराध्यास मोकळें सोडण्यासारखें आहे. यंत्रें खरोखरच वाईट निघतात, आणि कपडे खरोखरच कोंबलेही जातात. तें आम्हांस मान्य आहे. कोणावरही आरोप करूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. फरशी, भरणी आणि खिसा यांची चौकशी पुरी होऊन आवाज तसाच राहिला, म्हणजे यंत्रावर आरोप ठेवण्याचा अधिकार प्राप्त होतो. मात्र तो मोघम नसावा. प्लग काढून रिकामा ड्रम हातानें फिरवावा व कान देऊन ऐकावें. जात्यांत दाणे भरडल्यासारखी घरघर लागली, किंवा ड्रमचा कांठ धरून उचलला असतां तो टबाहून निराळा हलला, तर बेअरिंग झिजलें असें समजावें. बहुधा बेअरिंगपुढचें रबरी सील आधीं निकामी होतें, त्यांतून पाणी शिरतें, गंज चढतो, आणि मग आवाज येतो. वैद्यांच्या भाषेंत ही संप्राप्ति झाली. ड्रम खालीं दाबून सोडल्यावर एकदां उसळून स्थिर न होतां डोलतच राहिला, तर टबाखालचे धक्के जिरविणारे दांडे गेले. यंत्र सुरू होतांच कर्कश किंकाळी उठली तर पट्टा सैल झाला असेल; कांहीं यंत्रांत मात्र पट्टा नसतोच, मोटार सरळ ड्रमलाच जोडलेली असते. एवढें पाहून मग जो बोलेल तो आरोप करील. त्याआधीं बोलणारा केवळ त्रागा करतो.

पण येथेंच थांबण्याची जागाही आहे. पंचतंत्रांतील वानराची गोष्ट लहानपणीं सर्वांनींच ऐकलेली असते. सुतारांनीं अर्धवट चिरलेल्या ओंडक्यांत पाचर मारून ठेवली होती; वानरानें ती उपटली आणि फटींत सांपडून तो प्राणास मुकला. यंत्राच्या मागच्या पत्र्यापाशीं ही गोष्ट आठवावी. मोटारीचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही कांहीं काळ वीज धरून राहूं शकतो; बेअरिंग बदलण्यासाठीं सगळा टब खोलावा लागतो. पातळी जमविणें, भरणी सुधारणें, फिल्टर साफ करणें हें घरच्या माणसाचें काम; त्यापुढचें काम शिकलेल्या हाताचें. आपल्या अज्ञानाची सीमा नेमकी कोठें लागते हें कळणें, हाही निदानाचाच भाग आहे. सर्व कांहीं स्वतः करूं पाहणारा आणि कशासच हात न लावणारा, हे दोघेही एका दृष्टीनें सारखेच. दोघांनींही ही सीमा शोधलेली नसते.

ही सीमा ओलांडून जो कारागीर घरीं येतो, त्याच्याशीं सुशिक्षित घरांचें वागणें कसें असतें, हेंही येथें पाहणें प्राप्त आहे. जिन्यानें तिसरा मजला चढून तो येतो, यंत्र एकदां फिरवितो, कान देतो, आणि पांच मिनिटांत सांगतो कीं मागचें बेअरिंग गेलें. तेव्हां नुसतें पाहण्याचे पैसे कसले, असा प्रश्न हमखास निघतो. डॉक्टरांनीं नाडी पाहिल्याचे पैसे देतांना, वकिलांनीं कागद वाचल्याचे पैसे देतांना हा प्रश्न निघत नाहीं. म्हणजे ज्ञानाचा मोबदला द्यावा हें आम्हां लोकांस तत्त्वतः मान्य आहे. तें ज्ञान पुस्तकांत न राहतां हातांत व कानांत राहिलें, कीं त्याची किंमत उतरते. पुण्यांत अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा १८५४ पासूनची आहे. नगर रस्त्यावर रांजणगांव येथें घरगुती यंत्रांचे मोठे कारखाने उभे आहेत. बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत विजेच्या सामानाचीं दुकानें ओळीनें मांडलेलीं आहेत. ज्या शहरांत यंत्रविद्या इतकी जवळ आहे, त्याच शहरांत पाना हातीं धरणें हें कमीपणाचें वाटावें, याचें कारण यंत्रांत नसून आपल्या जुन्या श्रेणीविचारांत आहे. लेखणीचें काम वरचें आणि हत्याराचें खालचें, ही ती श्रेणी.

या बाबतींत गांधीजींच्या आत्मकथेंतील एक प्रसंग स्मरणीय आहे. परटाचा खर्च वांचविण्यासाठीं दक्षिण आफ्रिकेंत ते स्वतः कपडे धुण्यास व इस्त्री करण्यास शिकले. पहिल्याच कॉलरवर खळ जास्त झाली, ती कोर्टांत गळूं लागली, आणि बॅरिस्टर मंडळींस हंसण्यास कारण मिळालें. पुढें नामदार गोखले १९१२ सालीं तिकडे गेले असतां त्यांच्याजवळ एक उपरणें होतें. तें न्यायमूर्ति रानड्यांनीं दिलेलें असल्यामुळें त्यांस प्राणाहून प्रिय होतें. एका समारंभापूर्वीं तें चुरगळलेलें दिसलें, तेव्हां गांधीजींनीं इस्त्री करून देण्याची तयारी दाखविली. वकील म्हणून आपला गांधींवर विश्वास आहे, परीट म्हणून नाहीं, असें गोखल्यांनीं सांगितलें. तरीही आग्रहावरून त्यांनीं तें दिलें, इस्त्री उत्तम झाली, आणि गोखल्यांनीं ती मान्य केली. या प्रसंगांत गांधीजींच्या श्रमाइतकेंच गोखल्यांचें मन आम्हांस मोलाचें वाटतें. त्यांनीं आपली शंका लपविली नाहीं. पण शंकेस निकालाचें रूप न देतां परीक्षा होऊं दिली, आणि परीक्षेचें फळ कबूल केलें. पुण्याच्या थोर माणसांकडून घेण्याजोगा हा धडा आहे.

आवाजाविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आवाज हा मुळीं दोष नव्हे. तो दोषाची साक्ष आहे. यंत्राच्या पायांखालीं घालावयाच्या रबरी चकत्या बाजारांत मिळतात. सपाट व समतोल यंत्राचा उरलेला कंप अडविण्यास त्या उपयोगी पडतात. पण बेअरिंग झिजलें असतां चकत्या घातल्या, दार लोटून घेतलें आणि टीव्हीचा आवाज वाढविला, तर घरांत शांतता होते व झीज चालूच राहते. फ्रान्समधील वैद्य लेनेक यानें १८१६ सालीं कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीस लावली, आणि त्यांतून स्टेथॉस्कोप निघाला. छातींतील आवाज बंद कसा करावा हें त्याचें कोडें नव्हतें. तो स्पष्ट कसा ऐकूं येईल, हें होतें.

कुटुंबांत नेमकें उलट चालतें. तेथें तक्रार करणारें माणूस हेंच खडखडणारें यंत्र समजलें जातें, आणि 'कुरकुर करूं नका' ही त्याच्या पायांखालची रबरी चकती होते. घरांतील बाई दर रविवारीं चिडचिड करीत असेल, तर तिचा स्वभावच तसा, हा निकाल देण्यापूर्वीं आवाज रविवारींच कां होतो हें पाहावें. सगळी भरणी एकाच बाजूस झालेली असण्याचा संभव आहे. म्हातारे गृहस्थ नव्या घरांत आल्यापासून रागावूं लागले असतील, तर त्यांच्या पायांखालची फरशी उताराची नाहीं ना, हें आधीं तपासावें. केव्हां, कशानें, आणि काय बदललें असतां थांबतें, हे तीन प्रश्न यंत्रास विचारणें जितकें सोपें, तितकेंच ते माणसास विचारणें अवघड. कारण माणसाच्या बाबतींत उत्तर बहुधा विचारणाऱ्याच्या खिशांतून निघतें.

धुण्याचा आवाज कांहीं यंत्राबरोबर आला नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. गांवगाड्यांत परीट हा बारा बलुतेदारांपैकीं एक होता. त्याचें आपटणें नदीच्या घाटावर पहांटेपासून चाले. घरच्या धुण्याचा धपधपाट मोरींत व विहिरीवर बायकांच्या हातून होई. तो आवाज दूर होता, दुसऱ्याच्या दंडांचा होता, म्हणून घरांतील कर्त्या मंडळींस तो ऐकूं येत नव्हता. तेच श्रम लोखंडी पेटींत येऊन दिवाणखान्याशेजारीं बसले, तेव्हां त्यांचा कर्कशपणा प्रथमच कानीं आला. यंत्रास नांवें ठेवणाऱ्यानें पूर्वीं हा दणका कोणाच्या खांद्यांस बसत होता, हें एकवार मनांत आणावें.

यंत्रें करणाऱ्यांवरही या विचारानें एक कर्तव्य येतें. निदान व्हावयाचें तर वस्तु उघडतां आली पाहिजे. कांहीं यंत्रांचा टब कारखान्यांतच कायमचा सांधून टाकलेला असतो. त्यामुळें एक बेअरिंग झिजलें तरी सबंध टब बदलावा लागतो, आणि मग ग्राहक नवें यंत्रच घेतो. युरोपीय संघानें १ मार्च २०२१ पासून धुलाईयंत्रांचे ठराविक सुटे भाग, त्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही १० वर्षें मिळत राहावेत असा नियम लागू केला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेंही २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, व त्याच वर्षीं त्यासाठीं एक संकेतस्थळही उघडलें. हा प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. ज्या वस्तूच्या आंत पाहण्याचीच मनाई आहे, तिच्याविषयीं माणूस निकाल देऊं शकतो, निदान करूं शकत नाहीं. आणि सवयीनें हीच रीत तो माणसांसही लावूं लागतो.

असो. सर्व उपाय झाल्यावरही यंत्र मुकें होत नाहीं. पाणी खळाळतें, मोटार गुणगुणते, पिळण्याच्या फेऱ्यांत थोडी थरथर राहतेच. चालत्या यंत्राचा तो धर्म आहे, आणि नांदत्या घराचाही. पूर्ण शांतता मागणारा माणूस दुरुस्ती मागत नसतो. आपणांस कांहीं ऐकूं येऊं नये, एवढेंच तो मागत असतो.

शेवटीं एकच सूचना करून लेखणी ठेवतों. यंत्राचा नट आवळला, नाणें निघालें, आवाज थांबला, म्हणजे दुरुस्ती संपली असें समजूं नये. चौकशीच्या काळांत ज्यांच्यावर संशय बोलून दाखविला असेल, मग ते खालचे शेजारी असोत, घरांतील मुलगा असो, वा दुसऱ्या दिवशीं सकाळीं कामावर येणाऱ्या बाई असोत, त्यांस कारण काय निघालें हें आपण होऊन सांगावें. त्यास एक मिनिटही लागत नाहीं. पण तें सांगितलें जाईपर्यंत यंत्र दुरुस्त झालें तरी घर नादुरुस्तच राहतें.